इंजिन तापत असेल तर आधी कधी तापते ते पाहा

तुमची गाडी पन्हाळ्याच्या चढावर तापते की कोल्हापुरात दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला उभी असताना, हे आधी नीट पाहा, कारण निम्मे निदान तिथेच होते. उभ्या गाडीत तापमानाचा काटा चढून हायवेला लागताच उतरत असेल, तर दोष बहुधा रेडिएटरच्या पंख्यात, फ्यूजमध्ये किंवा रिलेत (पंख्याची वीज चालू-बंद करणाऱ्या स्विचमध्ये) असतो. एसी लावूनही पंखा फिरला नाही, तर संशय पक्का समजावा. चढावरच तापत असेल, तर कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) पातळी, रेडिएटरमधला गाळ, वॉटर पंप आणि थर्मोस्टॅट (कूलंटची वाट उघडणारी-मिटणारी झडप) तपासावे लागतात. इंजिन तापूनही रेडिएटरचा वरचा होज (रबरी पाइप) कढत आणि खालचा गार लागला, तर थर्मोस्टॅट अडकलेला असण्याची शक्यता मोठी असते. तो काढूनच टाका, असे गॅरेजवर हमखास सांगतील; ऐकू नका, नवा बसवा. इंजिन पूर्ण थंड होईपर्यंत रेडिएटरचे झाकण मात्र अजिबात उघडू नये, कारण आतले कूलंट दाबाखाली असते आणि उकळता फवारा थेट तोंडावर येतो. डिपस्टिकवरचे (ऑइल मोजायच्या पट्टीवरचे) ऑइल दुधाळ दिसले, तर हेड गॅस्केट (इंजिनच्या हेडखालचे सील) फुटल्याची शंका घेऊन गाडी टो करूनच न्यावी.