सगळंच काउंटर करायचं नसतं

वाचकांचे प्रश्न : 'मॅजिक : द गॅदरिंग' हा कार्डांचा खेळ

प्रश्न : पायोनियरमध्ये (ठरावीक संचांतलीच कार्डं चालणारा प्रकार) निळा-पांढरा कंट्रोल डेक (समोरच्याला अडवत सावकाश जिंकणारा) खेळतो. ६० कार्डांत २४ लँड (माना, म्हणजे कार्डं खेळायची शक्ती, देणारी कार्डं) आहेत, तरी चौथ्या टर्नला वारंवार अडकतो. लँड वाढवावेत की कार्ड ओढणारी कार्डं?

उत्तर : लँड वाढवा, २६ करा. पहिली खेळी तुमची असेल तर चौथ्या टर्नपर्यंत तुमच्या हाती १० कार्डं येऊन गेलेली असतात. त्यांत किमान चार लँड असण्याची शक्यता २४ लँडवर सुमारे ६३ टक्के, २६ वर सुमारे ७२ टक्के. आक्रमक डेकचं तीन लँडवर भागतं, तुमचं नाही. 'सुप्रीम व्हर्डिक्ट' (टेबलावरची सगळी क्रीचर, म्हणजे लढणारी कार्डं, मारणारं), 'द वाँडरिंग एम्परर', 'मेमरी डेल्यूज' ही तिन्ही चार मानाची कार्डं आहेत, म्हणजे कार्ड ओढणारं 'डेल्यूज'सुद्धा चौथ्या लँडशिवाय हातातच पडून राहतं. जादा लँड पुढे वाया जाऊ नयेत म्हणून त्यांत एक-दोन 'हॉल ऑफ स्टॉर्म जायंट्स' ठेवा, ते नंतर हल्लाही करतं. 'फील्ड ऑफ रुइन' (समोरच्याचं लँड मोडणारं लँड) मात्र दोनच ठेवा. ते रंगहीन माना देतं आणि 'व्हर्डिक्ट'ला दोन पांढरे, एक निळा लागतोच.

प्रश्न : हातात काउंटर (समोरचा खेळत असलेलं कार्ड रद्द करणारी कार्डं) आहेत तोवर माझं बरं चालतं. ते संपले की दोन टर्नमध्ये डाव हातचा जातो. चुकतं कुठे?

उत्तर : समोरून येणारं पहिलं कार्ड तुम्ही अडवता, चूक तिथेच होते. काउंटर खर्चण्याआधी दर वेळी एवढंच बघा : हे टेबलावर आलं, तर ते नंतर काढायला माझ्याकडे काही आहे का? साध्या क्रीचरसाठी 'व्हर्डिक्ट' आहे. काउंटर राखायचे ते 'व्हर्डिक्ट' ज्यांना हात लावू शकत नाही त्यांच्यासाठी : प्लेन्सवॉकर ('एम्परर', 'टेफेरी' यांच्यासारखी, दर टर्नला अधिक-उणे आकड्यांची एक क्षमता वापरू देणारी कार्डं), एन्चांटमेंट (टेबलावर टिकून परिणाम करणारी कार्डं), आणि टेबलावर येताक्षणीच फायदा उकळणारी क्रीचर. 'डोव्हिन्स व्हीटो' हे काउंटर क्रीचरवर चालतच नाही, त्यामुळे या शेवटच्या गटासाठी क्रीचरही अडवणारं 'अ‍ॅब्झॉर्ब' जपा. 'सेन्सर' (समोरच्याने एक माना जादा भरला नाही तरच अडवणारं काउंटर) सुरुवातीचंच हत्यार आहे. समोरच्याकडे एक माना शिल्लक राहू लागला की ते निळ्या मानाने सायकल करून (हातातून टाकून देऊन) नवं कार्ड घ्या.

आयुष्याचे २० गुण खर्चायलाच असतात. सहा-सात गेले म्हणून घाबरू नका, फक्त लाल डेकसमोर सातच्या खाली जायची वाट पाहू नका, कारण तिथून जळजळीत स्पेलच तुम्हाला संपवतात. चौथ्या टर्नला समोर दोन क्रीचर असतील तर 'व्हर्डिक्ट' टाकून मोकळे व्हा. तिसऱ्याची वाट बघण्यात मार खाता आणि शहाणा खेळाडू तिसरं टाकतच नाही.

समोर एकच क्रीचर असेल तर खरी मजा. चारही लँड उभे (न वापरलेले) ठेवून टर्न सोडा. त्याने हल्ला केला की 'एम्परर' टाका, उणे दोन वापरून ते टॅप झालेलं (वापरून आडवं केलेलं) क्रीचर एक्झाइल करा (खेळाबाहेर काढा), वर दोन गुण मिळतात. हल्ला केलाच नाही, तर त्याच्या टर्नच्या शेवटी 'डेल्यूज' खेळा. तुमच्या हातात यांतलं काय आहे हे त्याला कळत नाही, आणि हाच या डेकचा प्राण आहे. व्हिजिलन्स असलेलं क्रीचर हल्ला करताना टॅप होत नाही, तिथे ही युक्ती फसते. 'म्यूटाव्हॉल्ट' या क्रीचर बनू शकणाऱ्या लँडचं उलटं : तुमच्या टर्नला ते नुसतं लँड असतं, 'व्हर्डिक्ट' त्याला लागत नाही. त्यासाठी 'एम्परर' किंवा 'फील्ड ऑफ रुइन' राखा.

'टेफेरी, हीरो ऑफ डोमिनारिया' पाचव्या टर्नला टाकायची घाई टेबल रिकामं असेल तरच करा. अधिक एक वापरलं की टर्नअखेर दोन लँड पुन्हा उभे होतात, म्हणजे 'व्हीटो'ची सोय होते. एक लँड थांबून सहाव्यावर टाकलात तर तीन माना राहतात आणि 'अ‍ॅब्झॉर्ब' हाताशी येतं. क्रीचर असलेल्या टेबलावर मी तरी सहाव्यापर्यंत थांबायला सांगेन.

प्रश्न : स्पर्धेत माझे सामने बरोबरीत सुटतात. ५० मिनिटं पुरत नाहीत.

उत्तर : वेळ संपल्यावर चालू टर्न पुरा होतो आणि दोघांचे मिळून पाच टर्न मिळतात, बस्स. बरोबरीला एक गुण, विजयाला तीन. पहिला डाव हरतोय हे स्पष्ट झालं की लगेच सोडा. ती दहा मिनिटं उरलेल्या दोन डावांना हवी असतात. जिंकायला फक्त 'टेफेरी'वर विसंबू नका. उणे तीनने त्यालाच डेकमध्ये परत घालून तुमची कार्डं संपू न देणं शक्य आहे, पण तसा डाव घड्याळात बसत नाही. दोन 'शार्क टायफून' ठेवा. समोरच्याच्या टर्नला सायकल केलेलं मोठं शार्क डाव झटपट उरकतं. विचार करायचा तो समोरच्याच्या टर्नमध्ये. आणि तुम्ही १-० ने पुढे असाल तर दुसरा डाव अपुरा राहिला तरी सामना तुमचाच, पण मुद्दाम रेंगाळलात तर जज शिक्षा करतो.

प्रश्न : साइडबोर्डच्या (डावांच्या मध्ये बदलायला बाजूला ठेवलेल्या) १५ कार्डांत सुरुवात कुठून करू?

उत्तर : आधी काय काढायचं ते ठरवा. दुसऱ्या कंट्रोल डेकसमोर सगळे 'व्हर्डिक्ट' निरुपयोगी, क्रीचरच्या गर्दीसमोर 'व्हीटो'. जेवढी कार्डं काढाल तेवढीच आत घ्या, म्हणजे डेक ६० चाच राहतो. स्मशानातून (वापरून झालेल्या कार्डांच्या ढिगातून) खेळणाऱ्या डेकसाठी दोन 'रेस्ट इन पीस' घ्या. त्यांच्यासोबत तुमच्या 'डेल्यूज'चा फ्लॅशबॅकही (स्मशानातून पुन्हा खेळणं) बंद होतो, म्हणून त्या सामन्यात एखादं 'डेल्यूज' बाहेर बसवा.