समोरचं दार बंद, शेजार नाही
(कोरोनाच्या लॉकडाऊनच्या काळातलं पत्र आणि त्याचं उत्तर)

ताई,
लॉकडाऊन लागून महिना होऊन गेला. आमच्या समोरच्या घरातले नवरा-बायको दोघंही कोरोना पॉझिटिव्ह आलेत, घरातच उपचार घेताहेत. पदरात दोन लहान मुलं. इतक्या वर्षांचा आमचा घरोबा, पण हे कळल्यापासून इमारतीत त्यांच्याशी कुणी बोलत नाही. मीही नाही. माझे सासरे 76 वर्षांचे, त्यात हृदयविकार. मिस्टर म्हणतात, त्यांच्याशी आता काहीही संबंध नको. त्यांची मुलगी बाल्कनीतून माझ्या मुलाला हाका मारते आणि मी त्याला आत ओढून घेते. रात्री झोप लागत नाही. माझं चुकतंय का?
– एक शेजारीण

प्रिय मैत्रिणी,

सासऱ्यांची काळजी वाटते यात तुमचं काहीच चुकत नाही. वय आणि हृदयविकार दोन्ही असेल तर हा आजार जड जातो, तेव्हा त्यांच्या बाबतीत तडजोड करूच नका. पण बोलणं तोडल्याने सासरे अधिक सुरक्षित होत नाहीत. मुलीला उत्तर न दिल्याने तर नाहीच नाही.

हा विषाणू मुख्यतः बाधित माणसाच्या श्वासातून, बोलण्या-खोकण्यातून पसरतो. बंद, कोंदट जागेत जवळ बसून वेळ घालवला की धोका वाढतो. म्हणून त्यांच्या घरात जायचं नाही, लिफ्टमध्ये कुणासोबत शिरायचं नाही, जिन्याच्या खिडक्या उघड्या ठेवायच्या, बाहेर पडताना मास्क लावायचा. फोनवरून मात्र काही पसरत नाही. दाराबाहेर पिशवी ठेवून, बेल वाजवून, ते दार उघडायच्या आत तुम्ही घरात आलात आणि हात धुतलेत, तर धोका अगदी नगण्य आहे.

मुलांचं म्हणाल, तर बाल्कन्या उघड्या आहेत आणि मध्ये दोन मीटरच्या वर अंतर आहे ना? मग मास्क लावून बोलू द्या त्यांना. शाळा बंद, मैदान बंद, घरात आई-बाबा खोलीत कोंडलेले. त्या मुलीच्या वाट्याला आत्ता तेवढंच बोलणं उरलंय. तिला आत ओढलेला हात दिसतो, त्यामागचं कारण दिसत नाही. मला तुमच्या पत्रातलं सगळ्यात जास्त तेच लागलं.

मिस्टरांशी वाद घालू नका, पण एक गोष्ट त्यांच्यापुढे जरूर मांडा. या घराला वाळीत टाकलेलं सगळी इमारत पाहते आहे. उद्या दुसऱ्या कुणाला ताप आला तर तो सांगेल की लपवेल? लक्षणं दिसायच्या साधारण दोन दिवस आधीपासूनच माणूस दुसऱ्याला बाधित करू शकतो. त्यात लोक तपासणी टाळू लागले, ताप दडवू लागले, तर सासऱ्यांना खरा धोका तिथून आहे. आजार बिनदिक्कत सांगता येईल अशी इमारत त्यांच्यासाठीही जास्त सुरक्षित.

आता तुमच्याकडून होण्यासारखं. रोज ठरलेल्या वेळी फोन करा, म्हणजे फोन उचलला गेला नाही तर लगेच लक्षात येईल. औषधं, किराणा काय हवं ते विचारा. ऑक्सिजन मोजायचं यंत्र त्यांच्याकडे आहे का, तेही विचारा. या आजारात कधी कधी दम न लागताही ऑक्सिजन उतरतो, आणि तब्येत बिघडायची असेल तर बरेचदा दुसऱ्या आठवड्यात बिघडते, म्हणजे ‘आता बरे झाले’ असं वाटत असतानाच. आकडा 94 च्या खाली गेला, श्वास घ्यायला त्रास झाला, छातीत दाब वाटला, बोलण्यात गोंधळ दिसला किंवा ओठ निळसर झाले, तर वाट न पाहता दवाखाना गाठायचा. दोघांनाही हलवावं लागलं तर मुलांचं काय करायचं, कोणत्या नातेवाइकांना कळवायचं, हे आजच विचारून नंबर लिहून घ्या. ऐन घाईत ते सुचत नाही. आणि हे सगळं एकटीने अंगावर घेऊ नका. वरच्या-खालच्या घरातल्या एकीला फोन करून अर्धी कामं वाटून घ्या. कुणी सुरुवात केली की सोबत येणारे निघतात.

इतके दिवस गप्प राहून आता कुठल्या तोंडाने फोन करू, असं तुम्हाला वाटत असणार. पहिल्याच फोनवर माफी मागत बसू नका, सासऱ्यांचं कारणही पुढे करू नका. आजाऱ्याला उलट तुमचीच समजूत काढायला लागेल. ‘आज ताप किती आहे, आणि उद्या सकाळी दाराशी काय आणून ठेवू?’ एवढंच विचारा. बाकीचं बोलणं ते बरे झाल्यावर होईल.

तुमची,
ताई