आधी घड्याळ बघा : मेंदू आणि नसांच्या आजारांवर वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न : (आर्वी तालुका, जि. वर्धा) आमच्या मोठ्या बाबांचं पहाटे तोंड वाकडं झालं, उजवा हात लुळा पडला. गावातल्या डॉक्टरांनी बीपी २००/११० पाहून जिभेखाली कॅप्सूल फोडली, सलाईन लावलं आणि मग पुढे पाठवलं. जिल्ह्याला पोचलो तर म्हणाले, उशीर झाला. चुकलं कुठं?

उत्तर : दोन ठिकाणी. पहिली चूक त्या कॅप्सूलची. लकवा एक तर नसेत रक्ताची गाठ अडकून होतो, नाही तर नस फुटून. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. सीटी स्कॅन केल्याशिवाय फरक कुणालाच सांगता येत नाही, मेंदूविकार तज्ज्ञालाही नाही. गाठ अडकली असेल तर वाढलेलं बीपीच आजूबाजूच्या बारीक नसांतून त्या उपाशी भागाला थोडंफार रक्त पोचवत असतं. ते एकदम पाडलं की उरलासुरला पुरवठाही जातो. चीनमध्ये रुग्णवाहिकेतच, स्कॅनच्या आधी, बीपी उतरवून पाहण्याचा मोठा प्रयोग झाला. इंटरॅक्ट-४ नावाच्या त्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२४ साली आले : नस फुटलेल्यांना फायदा झाला, गाठ अडकलेल्यांचं नुकसान झालं, आणि दोन्ही गट मिळून हिशेब जिथल्या तिथं राहिला. म्हणून स्कॅनच्या आधी घरी किंवा दवाखान्यात बीपीची गोळी नको. ॲस्पिरिनही नको, कारण नस फुटली असेल तर रक्तस्राव वाढतो.

दुसरी चूक वेळेची. गाठ विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. हे तास 'आम्हाला कळलं' तेव्हापासून नाही, तर 'माणूस शेवटचा धड दिसला' तेव्हापासून मोजतात. मोठे बाबा रात्री दहाला झोपले आणि पहाटे पाचला तसे सापडले, तर डॉक्टरांच्या हिशेबात सात तास झालेले असतात. पण ते चारला उठून बाहेर जाऊन आले होते आणि तेव्हा नीट बोलले होते, हे घरातल्या कुणाला आठवत असेल, तर तेवढ्यानं सगळं बदलतं. ही वेळ कागदावर लिहून सोबत द्या. झोपेतच लकवा झाला असेल तर काही केंद्रांत एमआरआय पाहून इंजेक्शनचा निर्णय घेतात. मोठी नस बंद असेल तर तारेनं गाठ ओढून काढण्याची प्रक्रिया निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत करता येते. विदर्भात त्यासाठी बहुधा नागपूर गाठावं लागतं.

इंजेक्शनाच्या बाबतीत ग्रामीण भागाच्या कामाचा बदल झाला आहे. जुनं औषध अल्टेप्लेज : ६० किलोच्या माणसाला ५४ मिलिग्रॅम. त्यातला दहावा भाग आधी नसेतून, उरलेलं तासभर पंपावर. तो पंप सांभाळत रुग्णवाहिकेतून नेणं म्हणजे दिव्यच. टेनेक्टेप्लेज मात्र एकदाच, काही सेकंदांत टोचतात : किलोला ०.२५ मिलिग्रॅम, म्हणजे त्याच माणसाला १५, आणि कितीही वजन असलं तरी २५ च्या वर नाही. कॅनडातल्या २०२२ च्या मोठ्या तुलनेत ते जुन्यापेक्षा कमी पडलं नाही. सीटी असलेल्या रुग्णालयात ते देऊन रुग्णाला लगेच पुढे पाठवता येतं.

तर घरी करायचं एवढंच. साखर मोजायचं यंत्र असेल तर मोजा. ६० च्या खाली गेलेली साखर हुबेहूब लकव्यासारखी दिसते. तोंडात पाणी, चहा, औषध काही घालू नका, कारण गिळता येत नसेल तर ते फुप्फुसात जातं. कुशीवर झोपवा. १०८ ला 'चक्कर आली' असं न सांगता 'लकवा मारला, इतक्या वाजता' असं सांगा, आणि सीटी कुठे चालू आहे ते विचारून थेट तिथं न्या. मालिश, तेल, कबुतराचं रक्त यांत जाणारा एकेक तास परत मिळत नाही. गडचिरोलीतल्या ८६ गावांच्या पाहणीत (२०१५) मृत्यूचं पहिलं कारण लकवाच निघालं, दर सात मृत्यूंमागे एक. त्यातले बहुतेक घरीच गेले.

प्रश्न : (दिग्रस, जि. यवतमाळ) बाबा ८४ वर्षांचे, आता मुलांनाही ओळखत नाहीत. अल्झायमरचं नवं इंजेक्शन आलं म्हणतात. शेत विकून द्यावं का?

उत्तर : नाही. लेकॅनेमॅब हे औषध अगदी सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांसाठी आहे. दर दोन आठवड्यांनी सलाईनमधून द्यायचं, मधूनमधून एमआरआय. दीड वर्षानंतर १८ गुणांच्या मापावर औषध न घेणाऱ्यांपेक्षा घसरण कमी झाली ती ०.४५ गुणांनी, आणि दर आठातल्या साधारण एकाला मेंदूत सूज दिसली. तुमच्या बाबांचा टप्पा कधीच पुढे गेला आहे. त्याऐवजी बी-१२, थायरॉइड आणि एक साधा सीटी करून घ्या. मागच्या दोन-तीन महिन्यांत ते पडले असतील तर सीटी नक्कीच : कवटीखाली साचलेलं जुनं रक्त काढल्यावर माणूस पुष्कळ सुधारतो, आणि हे निदान फार वेळा हुकतं.

प्रश्न : (मूल तालुका, जि. चंद्रपूर, आशा कार्यकर्ती) जमिनीवर झोपलेल्या बाईला पहाटे पोटात दुखायला लागलं, मग पापण्या खाली आल्या. दंशाची खूण नव्हती. डॉक्टर म्हणाले, मण्यारीचं पान लागलं. सापाच्या विषावरच्या लसीच्या २० बाटल्या देऊनही ती सहा दिवस व्हेंटिलेटरवर होती. लस बनावट होती का? आता सापाच्या विषावर गोळी निघाली, हे खरं का?

उत्तर : ताई, लस बनावट असण्याची गरजच नाही, मण्यारीचं विषच तसं आहे. नस जिथं स्नायूला जोडते तिथं दोन बाजू असतात. नागाच्या विषातले मुख्य घटक स्नायूच्या बाजूचं कुलूप अडवतात. ते मोकळं करता येतं, म्हणून नागदंशात ॲट्रोपिनसोबत निओस्टिग्मिन दिल्यावर पापण्या उघडताना दिसतात. मण्यारीतलं बीटा-बुंगारोटॉक्सिन नसेच्या टोकात शिरून ते टोकच मोडतं. लस फक्त रक्तात फिरणारं विष पकडते. मोडलेलं टोक पुन्हा उगवायला काही दिवस, कधी आठवडे लागतात. तोवर श्वास यंत्रानं चालवायचा, हाच उपचार. म्हणून लस लवकर हवी : पहिल्या तासाभरात १० बाटल्या, अशक्तपणा वाढत राहिला तर आणखी १०. नसांवर काम करणाऱ्या विषात त्यापुढे बाटल्या वाढवून काही साधत नाही.

गोळीबद्दल. व्हॅरेस्प्लॅडिब हे औषध विषातल्या फॉस्फोलायपेज गटाला अडवतं, आणि मण्यारीचं ते विष याच गटातलं, म्हणून आशा आहे. भारत आणि अमेरिकेत झालेली चाचणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. सगळे रुग्ण मिळून ठरवलेला फायदा दिसला नाही. दंशानंतर पाच तासांत औषध मिळालेल्यांत सुधारणेची चिन्हं होती. म्हणजे ती अजून प्रयोगातलीच गोळी, लसीला पर्याय नव्हे. बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि अमेरिकेतली स्क्रिप्स संस्था यांनी २०२४ मध्ये तयार केलेलं प्रतिपिंड, आणि २०२५ मध्ये संगणकावर रचलेली प्रथिनं, यांनी उंदरांना वाचवलं. पण दोन्हींचा नेम स्नायूच्या बाजूच्या विषावर आहे. नागासाठी ही मोठी बातमी. मण्यारीचा मुख्य प्रश्न त्यानं सुटत नाही. बातम्यांत हा फरक कुणी सांगत नाही.

तुमच्या कामाचं : पहाटे अचानक पोटदुखी, घसा दुखणं, गिळायला त्रास, आणि माणूस जमिनीवर झोपलेला असेल, तर खूण शोधत बसू नका, मण्यारीचे दात इतके बारीक असतात की खूण दिसतच नाही. पापण्या पडणं, मान उशीवरून न उचलता येणं, तोंडात लाळ साचणं या क्रमाकडे लक्ष ठेवा. एका श्वासात मोठ्यानं आकडे मोजायला लावा आणि दर दहा मिनिटांनी पुन्हा. आकडा घसरत चालला तर श्वास जायला लागला. गाडीत अंबू बॅग (हातानं दाबून श्वास देण्याची पिशवी) आणि ती दाबता येणारा माणूस असल्याशिवाय अशा रुग्णाला लांब पाठवू नका, कारण बरेच मृत्यू वाटेत होतात. व्हेंटिलेटरवर निपचित, बाहुल्या विस्फारलेला रुग्ण 'गेला' असं नातेवाइकांना वाटतं. त्याला सगळं ऐकू येत असू शकतं, हे घरच्यांना सांगा. आणि मच्छरदाणी चारही बाजूंनी अंथरुणाखाली खोचून झोपायला लावा. नेपाळच्या तराईतल्या २००७ च्या अभ्यासात मच्छरदाणीनं सर्पदंश कमी झालेले दिसले.

प्रश्न : (धानोरा तालुका, जि. गडचिरोली) सात वर्षांच्या मुलीला सिकलसेल, एसएस पॅटर्न. दुखणं फारसं नाही. तरी डोक्याची सोनोग्राफी करा म्हणतात. कशासाठी?

उत्तर : लकव्यासाठी. एसएस, म्हणजे आई-वडील दोघांकडून सिकलसेलचं जनुक आलेल्या, मुलांत तो लहान वयातच येऊ शकतो आणि त्याचा दुखण्याच्या झटक्यांशी संबंध नसतो. या सोनोग्राफीत, म्हणजे ट्रान्सक्रेनियल डॉप्लरमध्ये, कानशिलावर प्रोब ठेवून मेंदूच्या नसेतल्या रक्ताचा वेग मोजतात. सेकंदाला १७० सेंटिमीटरच्या आत असेल तर बरं, १७० ते १९९ असेल तर काही महिन्यांत पुन्हा, २०० किंवा जास्त असेल तर धोका. अमेरिकेतल्या १९९८ च्या स्टॉप चाचणीत २०० च्या वरच्या मुलांना नियमित रक्त दिल्यावर लकवे ९२ टक्क्यांनी घटले. तपासणी २ ते १६ वयात वर्षातून एकदा करतात.

तपासणीच्या दिवशी ताप नको, मूल झोपलेलं किंवा रडवेलं नको. या सगळ्यानं आकडा खोटा येतो. नुकतंच रक्त दिलं असेल तर तेही सांगा, त्यानं वेग कमी दिसतो.

दर महिन्याला रक्त मिळणं धानोऱ्यात सोपं नाही, म्हणून हायड्रॉक्सियुरिया हे रोज तोंडानं घ्यायचं औषध. २०१६ च्या ट्विच चाचणीत, किमान वर्षभर रक्त घेतलेल्या आणि नसा फार बिघडलेल्या नसलेल्या मुलांना हळूहळू त्यावर आणलं, तरी वेग ताब्यात राहिला. नायजेरियातल्या चाचणीत किलोला १० आणि २० मिलिग्रॅम या दोन मात्रांत लकव्याच्या प्रमाणात फरक आढळला नाही. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातूनही १० मिलिग्रॅमचा चांगला अनुभव २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. मुलगी २० किलोची असेल तर रोज २०० मिलिग्रॅम. ५०० ची कॅप्सूल घरी फोडून अंदाजानं वाटू नका. सुरुवातीला दर महिन्याला रक्ताची तपासणी. पांढऱ्या पेशी घसरल्या तर औषध काही दिवस थांबवतात, कायमचं नाही. लोहाचं टॉनिक तपासणीशिवाय देऊ नका. आणि शाळेतले मार्क अचानक उतरले तर 'लक्ष नाही' म्हणून सोडू नका. लक्षण न दिसता झालेला छोटा लकवाही असू शकतो.

प्रश्न : (अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया) धान निघाल्यावर बांधीत लाखोळी (लाखेची डाळ) घेतो. वडे, झुणका, सगळं तिचंच. पाय जातात म्हणतात ते खरं का?

उत्तर : खरं, पण अधूनमधून खाल्लेल्या वड्यानं नाही. दाण्यातलं बीटा-ओडॅप हे विष १९६४ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत वेगळं केलं गेलं. ते पायांना हुकूम देणाऱ्या मेंदूकडच्या नसा जाळतं. दोन-तीन महिने जेवणाचा मोठा हिस्सा लाखोळीच असेल, सोबत भात-पोळी कमी असेल, तेव्हा धोका. म्हणून साथी दुष्काळातच आल्या. त्यातून पाण्याचा ताण पडलेल्या पिकात हे विष आणखी वाढतं.

रतन, प्रतीक, महातिवरा या वाणांत ते ०.१ टक्क्याच्या आत असतं. घरचं जुनं बियाणं असेल तर यांपैकी एक आणा. डाळ गरम पाण्यात रात्रभर भिजवा, ते पाणी फेका. मग चौपट पाण्यात उकळा, तेही निथळून टाका. विष पाण्यात उतरतं, त्यामुळे याच पाण्याचं वरण केलं तर सगळी मेहनत वाया. न भिजवता दळलेल्या पिठाचे वडे आणि भाजलेले दाणे यांत ते तसंच राहतं. इथिओपियातल्या अभ्यासांत भाजलेले आणि हिरवे दाणे खाणाऱ्यांत धोका जास्त दिसला, धान्य मिसळून खाणाऱ्यांत कमी.

घरात कुणाच्या पोटऱ्या ताठरल्या, पाय कात्रीसारखे आडवे पडू लागले, माणूस चवड्यांवर चालू लागला, तर त्याच दिवशी लाखोळी बंद करा. गेलेली ताकद परत आणणारं औषध नाही, पण तिथपर्यंत थांबलेला आजार बहुधा पुढे सरकत नाही. कडकपणा उतरवायला बॅक्लोफेन मिळतं. ते कमी मात्रेनं सुरू करून हळूहळू वाढवतात, आणि सोडतानाही एकदम सोडत नाहीत.