लॅडर की स्ट्रक्चर्ड टेक्स्ट: पॅकिंग मशीनच्या पीएलसीसाठी काय निवडावं?

तुमचा प्रश्न असा आहे: नव्या पॅकिंग मशीनवर सीमेन्सचा एस७-१२०० हा पीएलसी (मशीन चालवणारा औद्योगिक कंट्रोलर) आहे, मेंटेनन्सच्या लोकांना फक्त लॅडर (वायरिंगच्या आकृतीसारखी चित्ररूप भाषा) येतं, तुम्हाला सी ही प्रोग्रामिंगची भाषा येते; मग सगळा प्रोग्राम स्ट्रक्चर्ड टेक्स्टमध्ये (मजकुरी भाषा, सीमेन्सच्या भाषेत एससीएल) लिहिला तर चालेल का?

चालेल, पण मी तसा लिहिणार नाही. पीएलसीच्या भाषांचं आयईसी ६११३१-३ हे मानक १९९३ मध्ये आलं, तेव्हापासून चित्ररूप आणि मजकुरी अशा दोन्ही भाषा त्यात शेजारी शेजारी आहेत. एका भाषेतला ब्लॉक (प्रोग्रामचा तुकडा) दुसरीतून बिनधास्त कॉल करता येतो. म्हणून अख्ख्या मशीनसाठी एक भाषा ठरवत बसू नका, ब्लॉकनुसार ठरवा.

मोटर, व्हॉल्व्ह, इंटरलॉक (अट पुरी नसेल तर मशीन अडवणारी तजवीज), अलार्म हे सगळं लॅडरमध्येच ठेवा. कारण सरळ आहे. रात्रपाळीत कन्व्हेयर थांबला की इलेक्ट्रिशियन लॅपटॉप लावून ऑनलाइन जातो. हिरवी रेघ ज्या कॉन्टॅक्टपाशी (लॅडरमधलं अटीचं चिन्ह) संपून पुढे निळी तुटक होते, तिथेच अडलंय हे त्याला दिसतं. तो कॉन्टॅक्ट गार्डच्या दरवाजाचा असेल तर तो थेट दरवाजाकडे जातो. तीच अट एससीएलमध्ये सात सिग्नल अँड-ऑरने जोडून लिहिली असेल, तर त्याला प्रत्येक सिग्नलची किंमत उलगडून कंसांचा हिशेब डोक्यात करावा लागतो, आणि लाइन तोवर उभीच.

गणित, अ‍ॅरे, रेसिपी (एकेका उत्पादनाच्या सेटिंगचा संच), बारकोडची स्ट्रिंग, लूप हे मात्र एससीएलमध्ये लिहा. शंभर रेसिपींतून एक शोधायला लॅडरमध्ये जंप आणि मूव्हचं जंगल माजतं. एससीएलमध्ये चार-पाच ओळींत काम होतं.

आता सी येणाऱ्यांची हमखास फसगत होते ती ठिकाणं.

पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे साधी लॅडर कॉइल (आउटपुटचं चिन्ह) दर स्कॅनला, म्हणजे प्रोग्रामच्या प्रत्येक फेरीत, लिहिली जाते. अट तुटली की ती आपोआप शून्य होते. एससीएलमध्ये ‘इफ स्टार्ट देन मोटर := ट्रू’ एवढंच लिहिलं आणि एल्स दिलं नाही, तर अट तुटल्यावर मोटरला कोणी काही लिहितच नाही. ती चालूच राहते. म्हणून आउटपुटसाठी इफ वापरूच नका, एकच सरळ समीकरण लिहा: मोटर := (स्टार्ट ऑर मोटर) अँड स्टॉप_ओके अँड ओव्हरलोड_ओके. स्टॉप बटण पॅनेलवर एनसी (नॉर्मली क्लोज्ड) वायर केलेलं असतं, म्हणजे न दाबता इनपुट १ असतो. त्यामुळे त्यापुढे नॉट लावायचा नाही. याच कारणाने लॅडरमध्येही तिथे नॉर्मली ओपन चिन्हच येतं.

दुसरं, टायमर. केसमधल्या (सीमधल्या स्विचसारखी रचना) स्टेप २० मध्येच टीऑन (ठरलेल्या वेळेनंतर चालू होणारा टायमर) कॉल केला आणि प्रोग्राम स्टेप ३० ला गेला, तर टायमरचा कॉलच थांबतो. त्याचा ‘इन’ कधी फॉल्स होत नाही, टायमर रीसेट होत नाही. पुढच्या सायकलला स्टेप २० वर येताच त्याचा आउटपुट ‘क्यू’ आधीच ट्रू असतो आणि सीलिंगचा वेळ न थांबता स्टेप उडते. हा दोष पहिल्या सायकलला दिसत नाही, म्हणून फार छळतो. टायमरचा कॉल केसच्या बाहेर ठेवा आणि ‘इन’ला (स्टेप = २०) द्या.

तिसरं, इनपुट येईपर्यंत व्हाइल लूपमध्ये थांबणं. इनपुटची प्रतिमा स्कॅनच्या सुरुवातीला एकदाच भरते, लूप फिरत असताना ती बदलत नाही. लूप संपतच नाही आणि स्कॅनची वेळमर्यादा ओलांडली जाते. एस७-१२०० मध्ये ती मुळात १५० मिलिसेकंद असते.

चौथं, ४ ते २० मिलिअँपिअरच्या प्रेशर ट्रान्समीटरचा कच्चा आकडा ० ते २७६४८ येतो. १० बारच्या रेंजसाठी ‘रॉ / २७६४८ * १०’ असं इंटिजरमध्येच लिहिलं तर भागाकारातच शून्य हाती येतं आणि स्क्रीनवर जवळजवळ कायम शून्य बार दिसतो. आधी इंट_टू_रिअल करा, मग २७६४८.० ने भागा. लॅडरमध्ये हेच काम नॉर्म_एक्स आणि स्केल_एक्स हे ब्लॉक करतात.

सीक्वेन्सच्या बाबतीत मी असं करतो: स्टेप बदलण्याचं केस एससीएलमध्ये, आणि प्रत्यक्ष आउटपुट लॅडरमध्ये, म्हणजे ‘स्टेप = २०’ चा कंपॅरिझन कॉन्टॅक्ट, मग इंटरलॉक, मग कॉइल. एका आउटपुटची कॉइल अख्ख्या प्रोग्राममध्ये एकदाच. दोनदा लिहिली तर स्कॅनमध्ये शेवटी आलेली जिंकते, हे दोन्ही भाषांना सारखंच लागू आहे. स्टेपचा नंबर एचएमआयवर (ऑपरेटरच्या स्क्रीनवर) दाखवा, म्हणजे मेंटेनन्सवाल्याला एससीएलचा ब्लॉक उघडायची वेळच क्वचित येईल.

इन्स्ट्रक्शन लिस्ट (जुनी मजकुरी भाषा, सीमेन्सकडे एसटीएल) शिकण्यात वेळ घालवू नका. मानकाच्या २०१३ च्या तिसऱ्या आवृत्तीतच ती कालबाह्य ठरवली आहे, आणि एस७-१२०० वर एसटीएल चालतही नाही. पुढेमागे फेल-सेफ (सुरक्षिततेचं काम सांभाळणारा) सीपीयू घेतलात, तर सीमेन्समध्ये सेफ्टीचा प्रोग्राम लॅडर किंवा फंक्शन ब्लॉक डायग्राममध्येच (चौकोन जोडून लिहायची चित्ररूप भाषा) लिहिता येतो, एससीएलमध्ये नाही.