पाल घरी आणलीये, पण खातच नाही!

प्रश्न: मी न्यू जर्सीत असते. रेस्क्यूवाल्यांकडून एक लेपर्ड गेको (ठिपक्यांची पाळीव पाल) फॉस्टरला, म्हणजे तात्पुरता सांभाळायला, घेतलाय, पहिलीच वेळ. ४ दिवस झाले काही खात नाही, लपूनच बसतो, बोटांना जुनी कात चिकटलीये. घाबरू का?

उत्तर: अहो, नवीन घर आहे, आठवडाभर रुसणारच तो! सारखं उचलून बघू नका, घाबरला तर शेपूट टाकून देईल, आणि या जातीत चरबी शेपटीतच साठते, म्हणून ती जाड आहे तोवर उपास चालतो पण बारीक होत चालली तर लगेच सरपटणाऱ्या प्राण्यांच्या व्हेटकडे न्या. आधी टेंपरेचर तपासा, गरम कोपरा साधारण ३२ डिग्री सेल्सिअस हवा आणि हीट मॅटला (खालून ऊब देणारी चटई) थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान आवरणारं यंत्र, पाहिजेच, अंगाला ऊब नसेल तर खाल्लेलं पचत नाही. खाणं म्हणजे जिवंत किडेच, कॅल्शियम पावडर लावून, संध्याकाळी द्या. (फळंबिळं नकोत, तो काही पोपट नाही.) कात ओढू नका हं, बोटं जातात! उथळ कोमट पाण्यात १०-१५ मिनिटं ठेवा, मग ओल्या कॉटन बडने हळूच सोडवा. खाली वाळूऐवजी पेपर टॉवेल घाला, शी पण नीट दिसते. आणि हात साबणाने धुवा, साल्मोनेलाची (पोट बिघडवणारे जंतू) भीती असते.