आजोबांचं पान

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. आजोबांच्या वर्षश्राद्धासाठी घरच्यांनी तुला एक पान लिहायला सांगितलंय. तू देव मानत नाहीस, आणि ज्यांचं आयुष्य पंढरीच्या वाटेवर गेलं त्यांच्याविषयी आपण लिहिणं हे ढोंग तर होणार नाही ना, असं तुला वाटतंय. सोबत मसुदा जोडलायस. पहिल्याच ओळीत 'श्रद्धाळू, कुटुंबवत्सल आणि सेवाभावी'. हे तीन शब्द आधी खोड, मग पुढचं वाच.

रागावून सांगत नाही. चोविसाव्या वर्षी मी माझ्या आजोबांसाठी हेच शब्द लिहिले होते, वर 'त्यागमूर्ती' असा चौथाही जोडला होता. ते पान अजून माझ्या कपाटात आहे आणि त्यात आजोबा कुठेच सापडत नाहीत. वारीला निघताना ते पडशीत काय भरायचे, मला माहीत नाही. हरिपाठ म्हणताना कुठल्या अभंगाशी त्यांचा आवाज कातर व्हायचा, तेही नाही. सांगणारी माणसं तेव्हा घरातच होती, आजी होती, थोरली आत्या होती. मी विचारलं नाही, कारण मला शब्द सुचत होते. दोघी गेल्या, आता विचारू कुणाला?

म्हणून सांगतो, त्यांनी जे केलं ते लिही.

तू मानतेस की नाही, हा प्रश्न त्या पानावर येतच नाही. आजोबांची श्रद्धा तुला डोळ्यांनी दिसली ती कशात? तूच मागे म्हणाली होतीस, गावच्या सप्ताहात ते रात्री दोन ते चारचा वीणेचा पहारा मागून घ्यायचे. सात दिवस वीणा जमिनीला टेकत नाही, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. संध्याकाळच्या पहाऱ्याला हवी तेवढी माणसं मिळतात, मंडप भरलेला असतो. रात्री दोनला मंडपात घोंगडी पांघरून झोपलेली चार माणसं आणि एक समई, एवढंच उरतं. ती वेळ वर्षानुवर्षं स्वतःहून मागणाऱ्या माणसाला 'श्रद्धाळू' म्हटलंस तर वाचणारा मान डोलावून पान उलटेल. 'दोन ते चार' लिहिलंस तर तो तिथे थांबेल.

आणि 2020? त्या वर्षी पायी वारी झाली नाही, माउलींच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. आजोबा रोज सकाळी पंचांग बघून 'आज सासवड', 'आज जेजुरी', 'आज वाल्हे' म्हणत आणि तुळशीभोवती टाळ घेऊन चालत, हे तू मला फोनवर हसत सांगितलं होतंस. मला हसू आलं नव्हतं. मसुद्यात त्याचा एक शब्द नाही, याचा मात्र खरंच राग आला. हे तुला किरकोळ वाटलं? त्यांची दिंडी पालखीच्या रथापुढची होती की मागची, तेही तू लिहिलेलं नाहीस. रथापुढे 27 दिंड्या चालतात, मागे कितीतरी अधिक, आणि वारकऱ्याला आपल्या दिंडीचा क्रमांक आपल्या आडनावासारखा तोंडपाठ असतो. तो शोधून काढ. दिंडीतली माणसं अजून आहेत, त्यांना विचार. सेवा म्हणजे त्यांनी नेमकं काय केलं, पाणी वाहिलं, तंबू ठोकले की कुणाच्या पायातले काटे काढले, ते त्यांच्याकडूनच कळेल.

आता 'कुटुंबवत्सल'. इथे मी हटून बसणार आहे.

पालखी निघते ज्येष्ठ वद्यात आणि पेरणीचे दिवसही तेच. पाऊस वेळेवर आला तर माणूस पेरून निघतो, लांबला तर पेरणी मागे राहते. आमच्याकडे ती माझ्या आजीवर राहायची. भावकीतल्या कुणाला तरी विनवून ती पेरणीची पाभर चालवून घ्यायची आणि पाभरीच्या चाड्यावर, म्हणजे बी सोडायच्या तोंडावर, मूठ स्वतः धरायची. 1972 च्या दुष्काळात ती खडी फोडायला गेली. आजोबांची वारी त्याही काळात चुकली नाही. आजीने पंढरपूर पायी कधीच पाहिलं नाही.

माझ्या आजोबांच्या पंचविसाव्या पुण्यतिथीला मी हे उभं राहून सांगितलं. आजोबांच्या नावाला काळिमा लावला म्हणून एका चुलतभावाने माझ्याशी बोलणं टाकलं, ते आजतागायत. मी माफी मागितली नाही, मागणारही नाही. आजोबांवर माझी माया कमी नव्हती. तू कधी वारीतली समाजआरती पाहिली आहेस का? चोपदारांनी दंड उंचावला की हजारो टाळ एकदम थांबतात. ज्या दिंडीचं गाऱ्हाणं असेल ती मात्र टाळ वाजवत राहते, आणि तिचं ऐकून घेतल्यावरच आरती होते. आजोबांनीच मला हे खांद्यावर घेऊन दाखवलं होतं. मग आजीसाठी मी टाळ वाजवत राहिलो, तर त्यांच्याच शिकवणुकीबाहेरचं काय केलं? चोविसाव्या वर्षी वाजवायला हवे होते. तेव्हा आजी समोर बसून ऐकत होती आणि मी 'त्यागमूर्ती' वाचत होतो, आजोबांना उद्देशून.

तुझ्या आजोबांच्या घरात असंच होतं, असं मी म्हणत नाही. वेगळंही असेल. पण विचार. जे झालं ते लिही, ज्याने केलं त्याच्या नावावर लिही. घरचे म्हणतील, हे आत्ता कशाला. म्हणू देत. आजीला दुखवायचं मात्र नाही. ती एखादी गोष्ट लिहू नको म्हणाली तर तिचा शब्द शेवटचा.

शनिवारी गावी जाणारच आहेस, तर वही घेऊन जा. मोबाइलवर रेकॉर्ड करायचं असेल तर तिला आधी सांग. सुरुवात पहाऱ्यापासून कर. रात्री दोनला आजोबांना उठवायचं कोण? थंडीच्या सप्ताहात आंघोळीचं पाणी कोण तापवायचं? आणि टाळ सध्या कुणाकडे आहेत तेही बघून ये. आजीच्या उशाशी असतील, असा माझा अंदाज आहे.

तुझा,
काका