किस करायची भीती वाटते आणि साखरपुडा झालाय, काय करू?

प्रश्न विचारणारीनं थोडक्यात असं लिहिलंय: वय २६, लग्न तुळशीच्या लग्नानंतर. गेल्या रविवारी दोघं किल्ला तलावाकडं फिरायला गेली होती. परत निघताना गाडीत त्यानं तोंड जवळ आणलं आणि हिनं दोन्ही हातांनी त्याला ढकललं. हात गार पडले, घसा कोरडा, पोटात ढवळून आलं. तो सॉरी म्हणाला, खरं तेव्हापासून फोनवर तुटक बोलतोय. किसमधून जंतू जातात का, असंही तिनं विचारलंय. "ताई, माझ्यात काही खोट आहे का?"

खोट नाही. ताई म्हणालीस म्हणून अगं-तुगं करते. मी ४१ वर्षांची, माहेर निपाणी, सासर बेळगावात वडगावला. लग्नानंतर पहिले पाच महिने मी नवऱ्याला ओठाला ओठ लावू दिले नव्हते. बाकीचा संसार रीतसर चालू होता, अडलं होतं ते एवढंच. तेव्हा मला वाटायचं की जगात हे फक्त मलाच होतं. आता कळतं की याला नावसुद्धा आहे, फिलेमाफोबिया. ग्रीकमध्ये फिलेमा म्हणजे चुंबन. नाव कळून भीती जात नाही, खरं आपण एकटे नाही एवढं तरी कळतं.

आणि किस सगळ्या जगाला आपोआप येतो असंही नाही. २०१५ साली काही मानववंशशास्त्रज्ञांनी १६८ संस्कृतींची माहिती तपासली, तेव्हा प्रियकर-प्रेयसीचं ओठांवरचं चुंबन त्यांतल्या ४६ टक्क्यांतच आढळलं. म्हणजे निम्म्याहून जास्त ठिकाणी हा प्रकारच दिसला नाही. सिनेमा बघून आपल्याला वाटतं की हे जन्मतःच यायला पाहिजे.

आता माझी गोष्ट सांगते, कारण तुझी गाठ कुठं आहे ते शोधायला तिचा उपयोग होईल.

निपाणी म्हणजे तंबाखू. आमच्या गल्लीत हवेलाच तो वास असायचा. वडिलांची एक आत्या होती, आम्ही तिला आत्याआजी म्हणायचो. ती मिश्री लावायची. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि बोटावर घेऊन दातांवर घासत उंबऱ्यात बसायची. घरी आली की माझी हनुवटी धरून गालाचा ओला मुका घ्यायची. मी तोंड फिरवलं की आई म्हणायची, "दे की, आजी हाय नव्हे?" गाल पुसला तर पाठीत धपाटा. बाई मायाळू होती, तिची काही चूक नाही. खरं तोंड जवळ येतंय, वास येतोय आणि आपल्याला हलता येत नाही, हे तिन्ही एकत्र माझ्या अंगात मुरून बसलं.

त्यात आपल्याकडचं उष्टं-खरकटं. तांब्या तोंडाला लावायचा नाही, पाणी वरून प्यायचं. भावाच्या ताटातलं उचललं तरी "उष्टं हाय ते!" पंचवीस वर्षं दुसऱ्याची थुंकी म्हणजे किळस असं शिकवायचं आणि लग्नाच्या रात्री सगळं विसरायचं, हे कसं जमणार? मला तर वाटतं आपल्यातल्या निम्म्या पोरींची भीती या उष्ट्यातच आहे, फक्त कुणी तसं म्हणत नाही.

आमचे हे उद्यमबागेत फाउंड्रीत होते. शिफ्टमध्ये तंबाखू-सुपारीचा मावा खायचे. घरी येऊन चूळ भरायचे, खरं वास जातोय कुठं. ते जवळ आले की मी श्वास रोखून धरायची, दात आवळायची. त्यांना वाटायचं ही लाजते. मग वाटायला लागलं की हिला मी आवडत नाही. मी गप्प, तेही गप्प. मराठीत मुका म्हणजे पापी आणि मुका म्हणजे न बोलणारा. आमच्या घरात पहिला मुका नव्हता म्हणून दुसरा होता. (शेजारच्या कन्नड वहिनी पापीला मुत्तु म्हणतात, मुत्तु म्हणजे मोतीही. त्यांचं बरं आहे.)

बोलायला जागाही नव्हती. दोन खोल्या, मधे पत्र्याचं पार्टिशन, पलीकडं सासूबाई. शेजारी पॉवरलूम होते. माग चालू असले की खटखटीत शेजारी बसलेल्याचं ऐकू येत नाही, आणि रात्री बंद झाले की बांगडी वाजलेलीही पलीकडं कळते. एका संध्याकाळी माग चालू असतानाच मी ह्यांच्या कानाशी जाऊन सगळं सांगितलं. आत्याआजी, मिश्री, मावा, सगळं. मावा ऐकून त्यांना राग आला. आठ दिवस नीट बोलले नाहीत. नवव्या दिवशी बडीशेप घेऊन आले.

मग मी एकच अट घातली: पुढं मी येणार, तुम्ही यायचं नाही. हात मागं ठेवायचे. सगळा फरक त्यानं पडला. सुरुवात तर किसनं केलीच नाही. एका कपातला चहा, आधी ते पिणार, मग मी. पहिल्या दिवशी मी कपाची दुसरी बाजू फिरवून प्याले, हसू नकोस. चार दिवसांनी फिरवायचं विसरले. मग कपाळ, मग गाल, मग ओठांना नुसता ओठ, तोंड मिटून, दोन सेकंद. एका पायरीवर कधी आठ दिवस थांबलो, कधी महिना. मधे एकदा मला परत ढवळून आलं, तर आम्ही पुन्हा कपावर आलो.

याच्यामागं काय असतं ते मला फार नंतर कळलं. आपण ढकलून सुटलो की मनाला वाटतं "वाचले बाई", आणि पुढच्या वेळी ते दुप्पट घाबरवतं. थोडंसंच, सोसवेल एवढंच धाडस करून तिथं थांबलं की धडधड वर चढते आणि मग आपोआप उतरते. हे उतरणं अंगानं अनुभवायचं असतं, नुसतं समजून उपयोग नाही. मानसोपचारातही भीतीवर हाच पायऱ्यांचा उपाय करतात. मात्र पायरी तू ठरवायचीस. दुसऱ्यानं ओढून वर नेलं तर उलटंच होतं.

तू जंतूंबद्दलही विचारलंयस. हो, दहा सेकंदांच्या खोल चुंबनात साधारण ८ कोटी जिवाणू इकडून तिकडं जातात असं नेदरलँड्समधल्या २०१४ च्या अभ्यासात मोजलंय. आकडा भयंकर वाटतो, खरं आपल्या तोंडात ते अब्जावारी असतातच आणि बहुतेक निरुपद्रवी. थुंकीतून एचआयव्ही पसरत नाही. किसनं दिवस जात नाहीत (आमच्या वेळी कॉलेजातल्या पोरींनाही ही शंका असायची). एवढंच बघ की ओठावर पाणी भरलेल्या पुटकुळ्या असतील किंवा सर्दी-ताप असेल तर थांबायचं. वासाचं म्हणशील तर बराचसा जिभेच्या मागच्या भागावर साचलेल्या थरातून येतो, म्हणून जीभ घासायची. श्वास नाकानं घ्यायचा. मला हे कुणीच सांगितलं नव्हतं, मी गुदमरायची आणि त्यालाच भीती समजायची.

एक मात्र वेगळं. लहानपणी कुणी जबरदस्ती केली असेल आणि ते आठवून अंग गार पडत असेल, तर माझ्या चहाच्या कपानं भागणार नाही. तेव्हा समुपदेशकाकडं जा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, मराठीतही बोलता येतं. धारवाडला डिमहान्स हे मानसिक आजारांचं सरकारी हॉस्पिटल आहे. आपल्याकडं कुणी विचित्र वागलं की "धारवाडला पाठवा" म्हणतात, म्हणून लोक जायला लाजतात. लाजू नकोस.

आणि त्याचं काय? तुटक बोलतोय म्हणजे बहुतेक त्याला वाटतंय की आपण चूक केली, किंवा तुला लग्नच नकोय. मेसेज करू नको, मेसेजात असलं भलतंच वाचलं जातं. फोन कर आणि म्हण, "त्या दिवशी तू नकोस असं नव्हतं, मला त्या गोष्टीचीच भीती वाटते. मला वेळ लागेल, आणि पुढं मी येईन." ऐकून त्यानं चेष्टा केली किंवा घाई केली तर तेही लग्नाआधीच कळलेलं बरं. समजून घेतलं तर पुढच्या रविवारी खडेबाजारात जाऊन एकच लिंबू सोडा मागवा, दोघांत एक ग्लास. ग्लास फिरवून प्यायलीस तरी चालेल.